डब्यावर ‘फूड सेफ’ लिहिलंय, मग काळजी कसली?

प्रश्न : पुण्यात शनिवार-रविवारचा वर्ग करून मी मातीकाम शिकले. आता घरीच चाक आणि विजेची छोटी भट्टी घेतली आहे. माती गावच्या कुंभारदादांकडून आणते. रोज जेवायला वापरता येतील अशा वाट्या, ताटल्या आणि चहाचे कप करायचे आहेत. जमलं तर पुढे विकायचेही आहेत. ग्लेझ ऑनलाइन मागवते. एका डब्यावर ‘लेड-फ्री’ असतं, दुसऱ्यावर ‘फूड सेफ’, तिसऱ्यावर काहीच नसतं. आमच्याकडे ताक, चिंचगुळाची आमटी, लिंबू हे रोजचंच. मी कोणतं ग्लेझ निवडू? ते घरच्या घरी तपासता येईल का?
– एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : ताई, डबा जरा बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कुंभारदादांच्या मातीत आहे आणि उरलेलं भट्टीत.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. तिचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे आपली गारगोटी. ती एकटी वितळायला सतराशे अंशांहून जास्त ताप लागतो आणि एवढा ताप भांड्यांच्या कुठल्याच भट्टीत नसतो. म्हणून तिला लवकर वितळवणारं काहीतरी सोबत घालावं लागतं : फेल्डस्पारमधला सोडा आणि पोटॅश, चुना, जस्त, टाकणखारातलं बोरॉन, किंवा या सगळ्यांत सोपं आणि जुनं असलेलं शिसं. गारगोटीच्या भुकटीत मुरदाडशिंग किंवा शेंदूर मिसळला की आठशे अंशांच्या आसपासच आरशासारखी चकाकी येते, रंग खुलतात, लहानसहान चुका झाकल्या जातात. (मारुतीला लावायचा शेंदूर मुळात शिशाचाच.) जगभरच्या कुंभारांनी दोन हजार वर्षं शिसं वापरलं याला कारण आहे. एवढ्या कमी लाकडात एवढं देखणं काम दुसऱ्या कशानंही होत नव्हतं. भट्टी जितकी थंड तितका शिशाचा मोह मोठा, हे सूत्र लक्षात राहिलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता तुमची माती. आपल्याकडचा कुंभार नदीचा किंवा तळ्याचा गाळ आणतो, चाळतो, त्यात लीद किंवा राख मिसळतो आणि आव्यात सातशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान भाजतो. ही माती तेवढ्यासाठीच आहे. तिचं भांडं बाराशे अंशांना नेलंत तर ते फुगेल, अंगावर फोड येतील आणि शेवटी भट्टीच्या फळीवर त्याचं थारोळं होईल. फळीही जाईल. म्हणून आधी मातीच्या बोटभर पट्ट्या करा, दोन टेकूंवर आडव्या ठेवा, खाली जुन्या फरशीचा तुकडा टाका आणि १०००, १०५०, ११००, ११५० असं एकेक तापमान वेगळं भाजून बघा. पट्टी कुठे वाकायला लागते ते कळलं की त्या मातीची मर्यादा कळली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मातीची आणखी एक खोड सांगतो, कारण पुस्तकं ती सांगत नाहीत. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांची चुनकळी होते आणि भांडं भट्टीतून बाहेर आल्यावर ती हवेतला ओलावा पिऊन फुलते. चार दिवसांनी, कधी महिन्यानंही, वाटीच्या आतून टिकलीएवढा कपचा उडतो आणि त्याबरोबर वरचं ग्लेझही. खाण्याच्या भांड्यात काचेचा कपचा हा विषाइतकाच वाईट प्रकार. माती पातळ कालवून बारीक जाळीतून गाळून घेतल्याशिवाय जेवणाचं भांडं घडवूच नका.

ग्लेझ लावायलाच हवं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी मी ते विचारतो. तुमच्याच तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांवरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळालं. तशीच भांडी पुढे नेवाशात, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला आणि दख्खनभर सापडत गेली. तीन हजार वर्षांपूर्वीची ही भांडी चाकावर घडवलेली, लाल अंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी असलेली, तोटीची, आणि इतकी खणखणीत भाजलेली की वाजवली तर धातूसारखा आवाज येतो. ग्लेझचा त्यांवर थेंबही नाही. पातळ गाळीव मातीचा हात, म्हणजे स्लिप, आणि नीट भाज यांवर त्यांचं काम भागलं होतं. आजही दही लावायची तवली, पाण्याचा माठ, चुलीवरची हंडी बिनग्लेझचीच चांगली. गावची माती वापरायचीच असेल तर दह्याची भांडी, पाण्याचे पेले, भाकरीचं परळ असं काम करा. पृष्ठभाग अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटा. नव्या भांड्यात भाताची पेज उकळून घेतली की पिष्ट छिद्रांत बसतं आणि पाझर बराच कमी होतो. तेलकट, मसालेदार पदार्थ मात्र अशा भांड्यात मुरतात आणि वास धरतात. रोजच्या आमटीच्या वाटीला ते चालणार नाही, हे मान्य.

तर त्या वाटीसाठी स्टोनवेअरची तयार माती विकत घ्या. ती बाराशे अंशांच्या वर भाजली की अंगानंच दगडासारखी घट्ट होते, पाणी जवळजवळ पीत नाही आणि वरच्या ग्लेझला शिशाची गरजच उरत नाही. मात्र मागवण्याआधी तुमची भट्टी किती तापमानापर्यंत जाते ते तिच्या पाटीवर वाचा. काही छोट्या भट्ट्या अकराशेवरच थांबतात आणि विकणारा ते सांगेलच असं नाही.

आता डब्याकडे येऊ. ‘लेड-फ्री’ याचा अर्थ उत्पादकानं शिसं घातलेलं नाही. बाकीच्या धातूंबद्दल किंवा ती काच आंबटात टिकेल का याबद्दल त्यात काहीच नाही. ‘फूड सेफ’ याचा अर्थ उत्पादकानं त्याच्या मातीवर, त्याच्या जाडीनं लावून, त्याच्या तापमानाला भाजलेला नमुना परीक्षेत उतरला. तुमची माती वेगळी असेल, थर दुप्पट असेल, दोन ग्लेझं एकमेकांवर चढवली असतील किंवा वीज गेल्यामुळे भट्टी तीस अंश आधीच थांबली असेल, तर ती परीक्षा तुमच्या वाटीची राहिली नाही. काच पूर्ण झाली नाही की तिच्यातले धातू सैल राहतात. आंबट पदार्थातले हायड्रोजनचे आयन आत शिरतात, धातूंचे आयन बाहेर येतात आणि ते आमटीत उतरतात. चवीत फरक पडत नाही. शिसं उतरलं तर रंगातही पडत नाही.

१९७० मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एक लहान मूल शिशाच्या विषबाधेनं दगावलं. घरातला सफरचंदाचा रस हातानं घडवलेल्या, ग्लेझ केलेल्या मातीच्या सुरईत ठेवला जात असे आणि शिसं त्या ग्लेझमधून रसात उतरत होतं. डॉक्टरांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर अनेक देशांत भांड्यांतून उतरणाऱ्या शिशावर मर्यादा आल्या. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. सर्वांत जास्त धोका लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला. सफरचंदाच्या रसाइतकी आंबट आमटी आणि ताक तर आपल्याकडे रोज असतं, म्हणून आपल्याला जास्त कडक राहायला हवं.

शिशाशिवायही काही नावं डब्यावर किंवा कृतीत दिसली तर जेवणाच्या बाजूला ते ग्लेझ लावू नका. झगझगीत लाल, केशरी, पिवळ्या रंगात कॅडमियम असू शकतं. ते झिर्कॉनच्या कवचात बंद केलेलं असेल तर बरंच टिकतं, पण त्यासाठी भोवतीचं ग्लेझही नीट बसणारं लागतं. मोरपिशी, मखमली मॅट निळ्या रंगामागे अनेकदा बेरियम असतं. त्याचं कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं जाई, यावरून काय ते समजा. सोनेरी-काशासारखी धातूची चमक देणाऱ्या, भरपूर मँगनीज आणि तांबं घातलेल्या कृती हल्ली फार फिरतात. त्या फुलदाणीसाठी ठीक, पण भाजताना निघणारा मँगनीजचा धूर तुमच्याच फुप्फुसांत जातो, तेव्हा भट्टी घराबाहेर हवी. हिरव्यासाठी तांबं थोडं चालतं. ते वाढत गेलं की आंबटात उतरतं. शिसं असलेल्या ग्लेझमध्ये तर तांबं शिशालाही मोकळं करतं, म्हणून जुन्या पद्धतीचं हिरवंगार चकचकीत मातीचं भांडं दिसलं की मला आधी शंका येते.

माझा सल्ला कंटाळवाणा वाटेल. भांड्याच्या आतून एकच ग्लेझ ठेवा : पारदर्शक किंवा दुधी पांढरं, चकचकीत, ज्यात सिलिका भरपूर आहे, चिनी मातीतून आलेलं अॅल्युमिना पुरेसं आहे आणि वितळवणारे म्हणून फक्त सोडा, पोटॅश, चुना, मॅग्नेशिया, थोडं जस्त किंवा बोरॉन आहे. रंग हवा असेल तर लोह घ्या. मधाळ, तपकिरी, जवळजवळ काळा अशा छटा त्यातून मिळतात आणि लोह थोडं उतरलं तरी आपल्याला त्याचं भय नाही. बाकीची हौस बाहेरच्या बाजूला, ओठ टेकतो त्या काठापासून बोटभर खाली. मॅट ग्लेझ आतून टाळाच. खरं मॅट थंड होताना स्फटिक बनून होतं. पण पुष्कळदा ज्याला आपण मॅट म्हणतो ते निव्वळ कच्चं राहिलेलं ग्लेझ असतं आणि चमच्याचे करडे ओरखडेही त्यावरच उमटतात.

आणि पायरोमेट्रिक कोन वापरा. हे मातीचे छोटे त्रिकोणी सुळके ठरावीक ताप आणि वेळ मिळाल्यावरच वाकतात. सहा नंबरचा कोन साधारण १२२० ते १२४० अंशांना वाकतो, दहा नंबरचा १२८५ ते १३०० च्या दरम्यान. भट्टीचा आकडा हवेचं तापमान दाखवतो. मातीला किती ताप पोचला ते कोन दाखवतो. आपल्याकडे भारनियमनाचा भरवसा नाही. अर्ध्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली, तर आकड्यावर विसंबून राहता येत नाही. प्रत्येक फळीवर एक कोन ठेवा, आणि तो सरळच उभा राहिला असेल तर त्या फळीवरची भांडी पुन्हा भाजा. जुनी भट्टी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकानं तिच्यात शिशाचं काम केलं होतं का ते विचारा. शिसं उडून विटांत बसतं आणि पुढच्या भांड्यांवर येतं.

घरच्या परीक्षा आता. लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवा, किंवा अर्ध्या कपात व्हिनेगर तीन दिवस. धुऊन, पुसून तो भाग बाकीच्या भागाशेजारी उन्हात धरून बघा. रंग फिका झाला, चकाकी गेली, तर ते ग्लेझ आत वापरायचं नाही. दुसरी परीक्षा : वाटी रात्रभर फ्रीझरमध्ये, सकाळी तिच्यात उकळतं पाणी. मग शाई लावून, पुसून बघा. केसासारख्या रेषा उमटल्या तर ग्लेझ आणि माती यांचं आकुंचन जुळत नाही. बहुधा सिलिका कमी आणि सोडा-पोटॅश जास्त असतो. तिसरी : कोरडं भांडं वजन करा, दोन-तीन तास पाण्यात उकळा, पुसून पुन्हा वजन करा. वजन शंभराला दोनहून जास्त वाढलं तर माती अजून पाणी पिते आहे.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कोण कच्चं ते सांगितलं अशी कथा आहे. आपल्याकडे अजूनही भांडं घेताना टिचकी मारतात आणि ते बरोबरच आहे. तडा आणि कच्चा भाज टिचकीत कळतो. पण विष टिचकीत कळत नाही. वरच्या तीनही परीक्षांतही नाही. त्या फक्त नापास करू शकतात. बाजारात मिळणाऱ्या शिशाच्या रंगपट्ट्यांवरही पास-नापास ठरवू नका. त्या दोन्ही बाजूंनी चुकतात.

पास करायचं काम प्रयोगशाळेचं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ९८०६ हे मानक याच कामाचं आहे. या परीक्षांची रीत जगभर साधारण एकच : भांड्यात चार टक्के अॅसेटिक आम्ल चोवीस तास ठेवतात आणि त्यात किती शिसं, किती कॅडमियम उतरलं ते मोजतात. आयएसओ ६४८६ या आंतरराष्ट्रीय मानकात कप आणि मगसाठी शिशाची मर्यादा दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे. पुण्या-मुंबईतल्या मान्यताप्राप्त अन्न-प्रयोगशाळांना ‘सिरॅमिकमधून शिसं-कॅडमियम उतरण्याची परीक्षा’ करता का असं विचारा. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचं एक केंद्र अहमदाबादच्या नरोड्याला आणि एक उत्तर प्रदेशात खुर्ज्याला आहे; तिथेही विचारून बघा. प्रत्येक वाटी पाठवायची गरज नाही. एक माती, एक आतलं ग्लेझ, एक तापमान ठरवा आणि त्याचे नमुने पाठवा. त्यातलं काही बदललं की पुन्हा पाठवा. विकायचं असेल तर हा खर्च भांडवलात धरा. तो न धरता ‘फूड सेफ’ची चिठ्ठी लावून विकणं मला पटत नाही.

स्वतःची काळजी विसरू नका. ग्लेझची कोरडी भुकटी म्हणजे सिलिकाची धूळ आणि ती फुप्फुसात कायमची राहते. मास्क लावा, झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्या कामाची चमचे-भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

प्रश्न : आजीची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी आम्ही अजून वापरतो. शिवाय प्रदर्शनातून आणलेल्या निळ्या नक्षीच्या वाट्या आहेत. ही भांडी सुरक्षित आहेत का ते कसं ओळखायचं?
– श्रीरामपूर

उत्तर : दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. खाली दुधी आणि गळ्याकडे तपकिरी अशी आपली ओळखीची बरणी सहसा स्टोनवेअरची असते, चढ्या तापमानाला भाजलेली. हे दुरंगी रूप मूळ इंग्लंडातल्या ब्रिस्टलचं. तिथल्या कुंभारांनी एकोणिसाव्या शतकात जस्त आणि फेल्डस्पारचं, शिसं नसलेलं ग्लेझ रूढ केलं आणि बरण्या-बाटल्यांसाठी ते जगभर गेलं. आपल्या बाजारात अशा बरण्या प्रामुख्यानं गुजरातेतल्या थानगढ, मोरबी, वांकानेर या पट्ट्यातून येत. तिथली परशुराम पॉटरी वर्क्स उभी करणारे गणपुले मराठी गृहस्थ, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा महिनोन्महिने सोसायचा म्हणूनच ही बरणी तशी घडवलेली आहे. आतून चकाकी शाबूत असेल, केसाच्या रेषा नसतील, झाकणाच्या कडेला टवका उडाला नसेल तर लोणचं घाला. आतून खरखरीत झाली असेल तर आता तिच्यात तांदूळ ठेवा.

निळ्या वाट्या घेताना विकणाऱ्याला एकच विचारा : ही किती अंशांना भाजली आहे? ज्यानं स्वतः घडवली तो पटकन सांगतो. ‘बाराशे पन्नास’ असं उत्तर आलं तर निम्मी चिंता गेली. जयपूरची निळी भांडी ही मात्र वेगळीच जात. ती मातीची नसतात. गारगोटीची भुकटी, काचेची पूड आणि डिंक यांची लगदी साच्यात घालून घडवतात आणि कमी तापमानाला भाजतात. ती शोभेसाठी, दारावरच्या मुठींसाठी, फरशांसाठी सुंदर आहेत. त्यांत मी चटणीसुद्धा वाढणार नाही, फार तर सुके बदाम. ग्लेझच्या वर नंतर काढलेली सोनेरी किनार, चिकटवलेली फुलं, हात फिरवला तर उंचवटा लागणारे रंग हेही सातशे-आठशे अंशांनाच पक्के केलेले असतात. तशी नक्षी वाटीच्या आत असेल तर वाटी कपाटात शोभू द्या.

प्रश्न : आमच्याकडे साखर कारखान्याची बगॅसची राख फुकट मिळते आणि खडीक्रशरची काळी भुकटीही. त्यांचं ग्लेझ होतं असं ऐकलं. खरं का? आणि ते खाण्याच्या भांड्याला चालेल का?
– राहाता तालुका

उत्तर : खरं आहे, आणि या वेळच्या प्रश्नांत मला सर्वांत आवडलेला हाच. १९५० मध्ये तुमच्या तालुक्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला तेव्हापासून तुमच्याकडे चिपाडांना तोटा नाही. आणि काळा दगड तर अख्ख्या जिल्ह्याच्या पायाखाली आहे. बेसाल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिका असते, शिवाय अॅल्युमिना, चुना, मॅग्नेशिया आणि दहा टक्क्यांहून जास्त लोह. ग्लेझला लागणारं बहुतेक सामान एका दगडात आलं. बेसाल्टची मैद्यासारखी बारीक भुकटी बाराशे अंशांच्या पुढे आपणहून वितळते आणि काळसर तपकिरी काच होते. लाव्हाच तो, परत लाव्हा होणार. नुसती भुकटी मात्र भांड्याला नीट चिकटत नाही आणि खाली ओघळते, म्हणून तिच्यात थोडी चिनी माती आणि फेल्डस्पार मिसळतात.

चिपाडाची राख म्हणजे प्रामुख्यानं सिलिका, त्यात थोडा पोटॅश आणि चुना. बाभळीच्या किंवा आंब्याच्या लाकडाच्या राखेत चुना जास्त. दोन्ही राखा मिळून बेसाल्टला चांगली जोड देतील. राख चाळा, पाण्यात कालवून वरचं पाणी दोन-तीनदा ओता, वाळवा. ते पाणी झोंबरं असतं, हातमोजे घाला. बॉयलरमध्ये त्या हंगामात बगॅसबरोबर कोळसा किंवा आणखी काही जाळलं का ते विचारून घ्या. जुन्या रंगवलेल्या दारं-खिडक्यांच्या लाकडाची राख कधीच नको, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि ते राखेत उरतं.

चालेल का, याचं उत्तर : लोह-चुना-सिलिकेचं, नीट वितळलेलं, बाराशे पन्नासच्या आसपास भाजलेलं असं ग्लेझ हे जेवणाच्या भांड्यांसाठी फार चांगलं कुळ आहे. जपान, चीन, कोरियातल्या चहाच्या भांड्यांवरची काळी-तपकिरी ग्लेझं याच कुळातली. अडचण राखेच्या चंचलपणाची आहे. यंदाची राख आणि पुढच्या वर्षीची राख सारखी नसते. म्हणून एकदम पोतंभर राख घ्या, धुऊन एकत्र कालवून ठेवा आणि त्याच साठ्याचे नमुने भाजून प्रयोगशाळेत पाठवा. पहिल्या भाजणीत नमुन्याखाली फरशीचा तुकडा ठेवायला विसरू नका. राखेचं ग्लेझ वाहतं.

प्रश्न : संक्रांतीला रंगवलेली सुगडं मिळतात, तेलपाण्यासारखी चकाकतात. त्यातले हरभरे, बोरं, गाजर नंतर मुलं खातात. ते चालतं का?
– अहिल्यानगर शहर

उत्तर : ती चकाकी ग्लेझची नाही; ऑइलपेंट किंवा वार्निश आहे, भाजलेलं नाही. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचं प्रमाण नव्वद पीपीएमच्या वर नसावं असा नियम केंद्र सरकारनं २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. पण सुगड रंगवणाऱ्याच्या हातात कुठला डबा होता हे तुम्हाला कळत नाही. रंग फक्त बाहेर असेल तर आत केळीच्या पानाचा तुकडा घालून वाण भरा आणि मुलांना बोरं धुऊन द्या. आतूनही रंगवलेलं असेल तर घेऊ नका. साधं, लाल, कोरं सुगड कुंभाराकडे अजून मिळतं आणि ते स्वस्तही असतं.